डावी बाजू

आमच्या जुन्या चंदेरी मारुतीच्या डाव्या दारावर लांबच लांब ओरखडा दिसला, तेव्हा बाबा म्हणाले, "कुणीतरी स्कूटरवाला घासून गेला असंल. बेंगळुरूचं ट्रॅफिक ते." गाडी त्यांचीच. आई गेल्यावर ते बेळगाव सोडून माझ्याकडे आले, तेव्हा पाचशे किलोमीटर स्वतः चालवत आणली होती. मी पुढे काही विचारलं नाही.

जे. सी. रोड म्हणजे इथला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार. त्याच्या मागच्या एका गल्लीत रंगकाम करणारे वयस्क मिस्त्री भेटले. त्यांनी ओरखड्यावरून नख आडवं फिरवलं. नख अडकलं. म्हणजे नुसत्या पॉलिशचं काम नाही. पत्र्यावर तळाला गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळे मिळून जाडी जेमतेम दोन केसांएवढी. ओरखडा वरच्या थरापुरता असेल तर घासून निघतो. हा पत्र्यापर्यंत गेला होता.

मिस्त्री उकिडवे बसले आणि गाडीच्या कडेने हात फिरवू लागले. "ये एक दिन का काम नै, मेडम."

बंपरच्या कोपऱ्याला पिवळा रंग लागला होता. आमच्या फाटकाचा खांब पिवळा आहे. चाकावरच्या पत्र्यावर जुनी रेघ होती, तिच्या कडेचा रंग गंजाने फुगला होता. मागच्या दारावर कुणीतरी ब्रशने चंदेरी रंग जाडसर फासला होता. हे सगळं डावीकडे. उजव्या बाजूला एक रेघ नव्हती.

"चलाता कौन?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं होतं, ते रेघ भरतील आणि वरून रंग मारतील. त्यांनी आधी ती रुंद केली. पॉलिश पेपर घेऊन गंज पुरता खरवडला, कडा उतरत्या केल्या. बोटभर रेघेचा तळहाताएवढा डाग झाला. मला धसकाच बसला. पण कड तशीच ठेवली तर रंगाखालून रेघ दिसत राहते, आणि गंज राहिला तर रंग पुन्हा फुगतो. मग लांबी, प्रायमर, परत घासणं. पाऊस होता, दमट हवेत क्लिअर कोट पांढुरका पडतो, म्हणून दोन दिवस थांबावं लागलं.

त्या दोन दिवसांत मी बाबांना विचारलं. जेवताना नाही, नंतर, गॅलरीत. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते खांब एकदम पुढ्यात येतात गं." चंदेरी रंगाची बाटली त्यांच्या कपाटात होती. मलाही काही कळलं नव्हतं असं नाही. डावीकडून आलेल्या नातवाला ते दचकायचे, ताटातली डाव्या बाजूची चटणी तशीच राहायची. मी ते वयावर ढकललं होतं.

मिंटो इस्पितळात काचबिंदू निघाला. तो दुखत नाही. कडेची नजर हळूहळू जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून उरलेली राखायची.

गाडी घरी आली तेव्हा बाबांनी दारावरून बोटं फिरवली, दोनदा. "कुठं होतं ते, हाताला लागत नाही." मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली.

आता ते डावीकडच्या सीटवर बसतात. फाटकातून बाहेर पडताना मान पूर्ण वळवून खांबाकडे बघतात आणि म्हणतात, "ये, हळू ये. अजून वीतभर जागा हाय."