निर्वंश थोरला

एमआरआयला जाताना आपल्याकडे एक छोटासा विधीच पार पडतो. मंगळसूत्र, बांगड्या, अंगठी, केसांतल्या पिना, कमरेचा पट्टा, खिशातली चिल्लर, सगळे सोबत आलेल्या भाच्याच्या ओंजळीत जाते. तंत्रज्ञ तिसऱ्यांदा विचारतो, "पेसमेकर नाही ना? हाडात रॉड, स्क्रू काही?" मग माणूस त्या पांढऱ्या बोगद्यात आडवा होतो आणि ठकठक सुरू होते. बाहेर आल्यावर तो रिपोर्टचे नंतर विचारतो, आधी त्या आवाजाबद्दल बोलतो.

या यंत्रांच्या घराण्यातल्या थोरल्याला ही ठकठक येत नव्हती. त्याच्या पोटात आडवे व्हायची सोयही नव्हती, ताठ बसावे लागे. नाव इंडॉमिटेबल, म्हणजे हार न मानणारा. मूल कसे निघणार हे बारशाआधीच कळलेले असावे, असे त्याचे एकंदर वागणे. जन्म १९७७ चा, गाव न्यूयॉर्कमधले ब्रुकलिन, घर म्हणजे तिथल्या डाउनस्टेट मेडिकल सेंटरमधली एक प्रयोगशाळा.

रूपाच्या बाबतीत देवाने हात आखडता घेतला होता. धातूचे एक भलेमोठे कडे, त्याला चिकटलेल्या नळ्या आणि वायरी, मधोमध माणूस मावेल एवढे भोक आणि त्यात बसायला फळी. छातीभोवती घालायची अँटेना तर पुठ्ठ्याची होती, वरून तांब्याची पट्टी चिकटवलेली. आजच्या यंत्रांचे ते गुळगुळीत कवच, तो मंद दिवा, ते हवेशीर पांढरेपण यातले काहीही त्याच्या अंगावर नव्हते. तो बनवलेला दिसायचा. कुठे कोणाचा हात लागला, कुठे जोडकाम करताना कोण वैतागला, हे अंगावर वाचता यावे इतका बनवलेला.

स्वभाव मात्र बापावर गेला होता. बाप म्हणजे रेमंड डमेडियन. आर्मेनियन वंशाचा अमेरिकन डॉक्टर, लहानपणी ज्युलियार्डमध्ये व्हायोलिन शिकलेला, डोक्याने तल्लख आणि तोंडाने फटकळ. एखादी गोष्ट एकदा मनात बसली की ती सोडवण्यापेक्षा त्याला सोडून जाणे लोकांना सोपे वाटे. त्याच्या मनात बसले होते ते असे. हायड्रोजनची अणुकेंद्रे चुंबकात ठेवली की एका ठरावीक लयीत डोलतात. त्याच लयीचा रेडिओतरंग सोडला तर ती विस्कटतात आणि मग हळूहळू परत जागेवर येतात. हे १९४६ पासून पदार्थविज्ञानवाल्यांना पाठ होते आणि रसायनवाले रोज वापरत होते. डमेडियनने १९७० साली पेनसिल्व्हेनियातल्या न्यू केन्सिंग्टन गावी, अशी उपकरणे बनवणाऱ्या एका कंपनीत, उंदरांच्या गाठी त्या चुंबकात ठेवून पाहिल्या. कर्करोगाच्या गाठीतल्या पाण्याचा हायड्रोजन जागेवर यायला निरोगी मांसापेक्षा जास्त वेळ घेत होता. मार्च १९७१ मध्ये हे 'सायन्स' नियतकालिकात छापून आले आणि त्यानंतर तो भेटेल त्याला सांगू लागला की, माणसाला चिरल्याशिवाय, अख्खाच्या अख्खा चुंबकात घालून कर्करोग शोधता येईल.

ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांनी त्याला वेड्यात काढले. त्या काळी अशा चुंबकात बोटाएवढी काचेची नळी जायची. नळीच्या जागी माणूस घालायचा तर चुंबक केवढा लागेल आणि तो कोण बनवून देईल? कोणी बनवून देत नव्हते, तेव्हा त्याने आणि त्याच्या दोन चेल्यांनी, लॅरी मिंकॉफ आणि मायकेल गोल्डस्मिथ यांनी, तो स्वतःच बनवायला घेतला. तिघांपैकी एकालाही असा चुंबक बनवण्याचा अनुभव नव्हता.

नायोबियम-टायटेनियमची तार पडत्या भावात मिळाली. ती होती तीस मैल, म्हणजे जवळपास ४८ किलोमीटर. ती सगळी गुंडाळायची होती, वेढ्याला वेढा लागून, कुठे सैल न पडता. कारण ही तार थंडगार द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना बुडालेली असेल तरच विजेला अजिबात अडवत नाही. एखादा वेढा केसभर सरकला तर तेवढ्या घर्षणाची ऊब पुरते. तार अडून बसते, साठलेली वीज उष्णता होऊन बाहेर पडते आणि महागाचे हेलियम फुस्सकन वाफ होऊन उडून जाते. पाळ्या लावून, रात्रीचा दिवस करून ती तार गुंडाळली गेली.

मग हेलियमचे भांडे. थर्मासच्या धर्तीवर एकात एक दोन भांडी, मधली हवा काढून टाकलेली. जोड कुठेतरी सुईच्या टोकाएवढा उघडा राहिला की पोकळी बिघडते, आणि तो उघडा जोड डोळ्यांना दिसत नाही. गळती शोधायची, बुजवायची, पुन्हा शोधायची, हा या थोरल्याच्या बालपणाचा मोठा भाग. पुढेही त्याची ही खोड गेली नाही. हेलियम पिण्याच्या बाबतीत तो अट्टल होता, आणि ते विकत आणायला पैसे कुठून आणायचे, या चिंतेत बापाचे दिवस गेले. एवढे खाऊनपिऊन ताकद किती, तर ०.०५ टेस्लाच्या आसपास. आज तालुक्याच्या मोठ्या गावातही जे दीड टेस्लाचे यंत्र सापडते त्याच्या तिसाव्या हिश्शाची. एवढ्याशा ताकदीत हायड्रोजन सेकंदाला २१-२२ लाख वेळा डोलतो. रेडिओच्या भाषेत बोलायचे तर आपल्या आकाशवाणीची मध्यम लहर जिथे संपते त्याच्या जरासे वर.

मे १९७७ मध्ये पहिल्यांदा त्याच्या पोटात बसला तो डमेडियन स्वतः. एवढ्या चुंबकात बसल्यावर जिवंत माणसाचे काय होईल, हे कोणालाच माहीत नव्हते. म्हणून हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रे लावली होती आणि हृदयरोगाचा डॉक्टरही हाताशी ठेवला होता. बाप लेकाच्या पोटात बसला आणि लेकाने तोंडातून शब्द काढला नाही. काहीच संदेश येईना. कारण निघाले ते जरा लाजिरवाणे: डमेडियन अंगाने भरलेला, अँटेनेला तेवढा ऐवज झेपत नसावा. मिंकॉफ किडकिडीत होता. पण तो काही लगेच उडी मारणाऱ्यांतला नव्हता. साहेबांना काही होते का, हे त्याने काही आठवडे निरखून पाहिले. साहेब ठणठणीत राहिले, तेव्हा तो तयार झाला. मला या सगळ्या गोष्टीत मिंकॉफचा हा सावधपणा फार आवडतो. शौर्यकथांमध्ये अशी माणसे गाळली जातात.

३ जुलै १९७७ ची ती रात्र. मिंकॉफ छातीभोवती पुठ्ठ्याची अँटेना घालून फळीवर बसला आणि पहाट होईपर्यंत बसून राहिला, जवळपास पावणेपाच तास.

इतका वेळ का लागला, तर या थोरल्याची नजर फार अरुंद होती. त्याचे चुंबकक्षेत्र असे घडवलेले होते की हव्या त्या लयीला हायड्रोजन डोलेल अशी जागा आत एकच, मधोमध. तेवढ्या जागेतले मांस काय ते बोले, बाकीची छाती गप्प. दुसरी जागा बघायची तर नजर हलत नव्हती, माणूस हलवावा लागे. म्हणून मिंकॉफला जरा सरकवायचे, थांबायचे, ऐकायचे, आकडा लिहून घ्यायचा, पुन्हा जरा सरकवायचे. अशा १०६ जागा. हिशेब केला तर दर जागेला पावणेतीन मिनिटांच्या आसपास पडतात. शेवटी ते १०६ ठिपके मांडले तेव्हा छातीचा आडवा छेद दिसला: मधे हृदय, दोन बाजूंना हवेने भरलेली म्हणून काळी फुफ्फुसे, भोवती छातीची भिंत. आजच्या डोळ्यांना ते चित्र चौकोनी ठिगळांची गोधडी वाटेल. पण त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला पीटर मॅन्सफील्डची मंडळी एका माणसाच्या बोटाचा छेद मिळाला म्हणून खूश होती. इकडे या बेढब गड्याने अख्खी जिवंत छाती समोर ठेवली.

डमेडियनने वहीत मोठ्या अक्षरांत यश नोंदवले आणि इथून पुढे बापाचे भांडण सुरू झाले. ते त्याच्या मरणापर्यंत, २०२२ पर्यंत, संपले नाही.

कारण न्यू केन्सिंग्टनच्या त्याच कंपनीत १९७१ साली आणखी एक जण येऊन बसला होता. पॉल लॉटरबर, स्टोनी ब्रुक विद्यापीठातला रसायनशास्त्रज्ञ. डमेडियनचा उंदरांचा प्रयोग तिथे दुसऱ्या कोणी करून पाहत असताना त्याने तो पाहिला. त्याला सुचले ते उलटे. माणूस कशाला हलवायचा? चुंबकक्षेत्रच तिरपे करा, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी. मग प्रत्येक जागेची लय आपोआप वेगळी होईल, सगळे शरीर एकदम बोलेल आणि कोण कुठून बोलले हे गणिताने वेगळे काढता येईल. मार्च १९७३ मध्ये 'नेचर'ने छापलेल्या त्याच्या चित्रात पाण्याच्या दोन बारीक नळ्या होत्या, बाकी काही नाही. त्या लेखात डमेडियनचे नावही नव्हते. हे वागणे कोत्या मनाचे होते असे मला वाटते. पण कल्पना अस्सल होती. मॅन्सफील्डने तिला गणिताची आणि वेगाची जोड दिली, स्कॉटलंडमध्ये अॅबर्डीनला १९८० साली त्या वाटेने रोग्यांचे अख्खे छेद मिळू लागले आणि आज जगात जिथे जिथे एमआरआय आहे तिथे हीच कल्पना राबते आहे. ती ठकठक म्हणजे तरी काय? क्षेत्र तिरपे करणाऱ्या वेटोळ्यांमधली वीज भराभर उलटसुलट होते, जोरदार चुंबकात तिला झटके बसतात आणि वेटोळी थरथरून वाजतात. म्हणजे बोगद्यातून बाहेर येऊन आपण ज्या आवाजाच्या नावाने बोटे मोडतो तो लॉटरबरच्या घराण्याचा आवाज आहे. इंडॉमिटेबलच्या अंगात ती वेटोळीच नव्हती.

डमेडियनने १९७८ साली फोनार नावाची कंपनी काढली आणि १९८० मध्ये एमआरआयचे यंत्र बाजारात आणले, तेही थोरल्याच्याच रीतीने जागा जागा हेरणारे. दुकान चालवायचे तर ती रीत सोडावी लागणार हे लवकरच उघड झाले. रोगी तासन् तास बसत नाही आणि डॉक्टरला ठिगळे चालत नाहीत. फोनारची पुढची यंत्रे जगरहाटीप्रमाणे तिरप्या क्षेत्राने चित्रे काढू लागली. तेवढ्यावर इंडॉमिटेबलची नजर निर्वंश झाली.

तरी बापाने थोरल्याचा हक्क सोडला नाही. त्याचे १९७४ चे पेटंट होते. कर्करोगाच्या ऊतींतल्या हायड्रोजनला जागेवर यायला लागणारा वेळ मोजण्याची पद्धत त्यात लिहिलेली होती, चित्र काढण्याची धड रीत नव्हती. पण न्यायालयात हे पेटंट कामाला आले. त्याच्या आणि दुसऱ्या एका पेटंटच्या जोरावर १९९७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकसारख्या धेंडाकडून फोनारने साडेबारा कोटी डॉलरहून जास्त रक्कम वसूल केली. पैसा मिळाला, मान राहून गेला. ऑक्टोबर २००३ मध्ये एमआरआयचे नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना जाहीर झाले. नोबेल तिघांना देता येते, तिसरी खुर्ची रिकामी ठेवली गेली. डमेडियनच्या बाजूने अमेरिकेतल्या मोठ्या दैनिकांत पानभर जाहिराती झळकल्या. त्यांत नोबेलचे पदक उलटे टांगलेले दाखवले होते आणि हा अन्याय दुरुस्त करा अशी मागणी होती. स्टॉकहोमला अशा जाहिरातींनी पाझर फुटत नाही.

माझ्या मते तिसरी खुर्ची त्याला द्यायला हरकत नव्हती. रोगी मांस आणि निरोगी मांस चुंबकात वेगळे बोलतात, हे त्याने आधी दाखवले नसते तर लॉटरबर त्या प्रयोगासमोर उभाच राहिला नसता. पण एमआरआय सगळा माझाच, असे जे तो आयुष्यभर म्हणत राहिला ते मात्र त्याच्याच लेकाकडे पाहिले की टिकत नाही. थोरला प्रामाणिक साक्षीदार आहे. बाप काय करू शकला आणि कुठे थांबला, दोन्ही त्याच्या अंगावर आहे. सॉनी क्लाइनफील्ड नावाच्या पत्रकाराने १९८५ साली या यंत्रावर अख्खे पुस्तक लिहिले. पुढे थोरल्याला अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने ठेवून घेतले. हेलियमचे व्यसन आपसूक सुटले.

एक खोड मात्र पुढच्या पिढीत उतरली, ती नजरेची नव्हे, बैठकीची. फोनारने पुढे असे यंत्र काढले की त्यात रोगी आडवा होत नाही, बसतो किंवा उभा राहतो. मणक्याच्या काही तक्रारी अशा की माणूस आडवा झाला की भार उतरतो, दबलेली नस सुटते आणि चित्रात काहीच सापडत नाही. घरी गेल्यावर कंबर आहे तशी दुखते. अशा रोग्याला त्या यंत्रात ताठ बसवतात आणि वेळ जावा म्हणून समोर मोठा टीव्ही लावून देतात. मिंकॉफला ती रात्र टीव्हीशिवाय काढावी लागली होती.