माझा गेम माझ्या डिस्कवर

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात माझं अकाउंट नाही म्हटलं की गेम खेळणाऱ्या पोरांचा विश्वास बसत नाही. "मग गेम घेतोस कुठून? टोरेंट?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. नाही बाबा, पैसे मोजून घेतो. फक्त अशा ठिकाणाहून घेतो, की एकदा पैसे दिल्यावर खेळण्यासाठी दुकानदाराची पुन्हा परवानगी लागू नये.

आम्ही मुंबईत करी रोडला चाळीत राहतो. कॉम्प्युटर एक, वाटेकरी दोन: मी आणि धाकटा भाऊ. इंटरनेटची वायर गॅलरीच्या कठड्यावरून आत आलेली. हिंदमाताला पाणी तुंबलं की आमच्याकडे लाइट बहुतेक टिकायची, पण नेट हमखास जायचं. अशाच एका पावसात सुट्टी मिळाली म्हणून गेम लावला. दुकानातून आणलेली ओरिजिनल डीव्हीडी, एकट्यानेच खेळायचा गेम. तरी पडद्यावर लॉगिनचा चौकोन, आणि सर्व्हर सापडत नाही म्हणून गाडी तिथेच अडलेली. भाऊ म्हणाला, "दादा, खेळणारे आपण, डीव्हीडी आपली. मग हा विचारतोय कुणाला?"

हे लोण जुनं आहे. २००४ साली 'हाफ-लाइफ २' आला, तेव्हा डब्यातली डिस्क विकत घेणाऱ्यालाही स्टीमवर नोंदणी सक्तीची होती. तेव्हा आमच्यासारख्यांकडे धड इंटरनेटही नव्हतं. उलट लॅमिंग्टन रोडच्या फुटपाथवर मिळणारी चोरीची सीडी काहीच विचारायची नाही. घाला आणि खेळा. म्हणजे कुलूप सगळं पैसे देणाऱ्याच्याच दाराला. पुढे २०१५मध्ये विंडोज १० आलं आणि सेफडिस्क नावाचं, डिस्कची नक्कल रोखणारं जुनं कुलूप त्यात चालेनासं झालं. कपाटातल्या काही ओरिजिनल डिस्क तेव्हापासून नुसत्या चकचकीत चकत्या आहेत. कुलूप फोडलेल्या सीड्यांना मात्र काही झालं नाही.

मग जीओजी सापडलं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने २००८ साली काढलेलं हे दुकान, तिथले गेम बिनकुलपाचे. मी घ्यायला लागलो तेव्हा किंमत डॉलरमध्ये असायची, वर बँकेचा आकार. चालेल म्हटलं. सेटअपची फाइल उतरवायची, एक्स्टर्नल डिस्कवर टाकायची, नेटची वायर काढून इन्स्टॉल करायचं. मोठा गेम असला की एका सेटअपबरोबर चार-चार जीबीच्या फायलींची रांग येते. त्यातली एखादी कॉपी करायची राहिली तर सेटअप मध्येच थांबून "डिस्क २ घाला" म्हणतो! डिस्क जगात कुठेच नाही, मागणी मात्र जुन्या वळणाची. मला तो निरोप आवडतो. काय हवंय ते तो मलाच सांगतो, आणि ते माझ्याकडे असतं.

आता कुणी म्हणेल, कुलूप नसेल तर धंदा कसा चालेल? याच कंपनीने २०१५ साली स्वतःचा 'विचर ३' तिथे बिनकुलपाचा विकला. सगळ्या यंत्रांवर मिळून २०२३पर्यंत त्याच्या पाच कोटींहून जास्त प्रती खपल्या.

मालकीचं म्हणाल तर आमची खोली पागडीची. वडिलांनी रग्गड रक्कम मोजली तरी मालक दुसराच. पण वडिलांमागे ती आमच्याकडे आली, आणि उद्या विकली तर मालक तिसरा हिस्सा मागेल, पण विकता येईल. स्टीमच्या नियमांत अकाउंट विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणजे पागडीपेक्षाही उणं! २०२५पासून कॅलिफोर्नियात कायदाच लागू झालाय, की असला डिजिटल माल विकताना हा फक्त परवाना आहे असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. आणि परवाना गेला की काय होतं ते 'द क्रू' हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम घेणाऱ्यांना विचारा. ३१ मार्च २०२४ला तो काढणाऱ्या युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले आणि त्या गेममध्ये एकट्याने गाडी चालवणंही संपलं. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी केली. युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या.

स्टीमशी माझी खुन्नस नाही. २०१५पासून तिथे रुपयात किमती आहेत, सेल दणदणीत असतात, आणि तिथलेही काही गेम स्टीम बंद ठेवून चालतात. पण कुठले, ते गेमच्या पानावर सरळ लिहिलेलं नसतं. शिवाय माझ्या हट्टाची किंमत मी मोजतोच. चाळीतली पोरं रात्री काउंटर-स्ट्राइक खेळतात. तो स्टीमशिवाय नाहीच, त्यामुळे मी बाहेर. नवे मोठे गेम जीओजीवर उशिरा येतात किंवा येतच नाहीत.

भाऊ आता स्वतः कमावतो, स्टीमवर आहे. मागच्या सेलमध्ये त्याने माझ्या डिस्कवर असलेलाच एक गेम तिथे पुन्हा विकत घेतला. कशाला रे, विचारलं तर म्हणाला, "तुझ्यावाल्यात माझ्या मित्रांना अचीव्हमेंट्स दिसत नाहीत." यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.