दार ओढून घ्यायचं

त्या एप्रिलमध्ये आमच्या समोरचा पौड रस्ता एका मुंगसाचा होता. दुपारी बाराच्या उन्हात ते दुभाजकाच्या कडेनं यायचं, मान उंच करून इकडंतिकडं बघायचं आणि शेपूट लांब सोडून तुरुतुरु पलीकडं जायचं. सिग्नल लाल असला तरी. शेवटी तेही पुण्यातलंच. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत मी आणि आई रोज त्याची वाट बघायचो. साडेबारा झाले की आई म्हणायची, "आज आलं न्हाई वाटतं," आणि कुकर लावायला उठायची.

२५ मार्च २०२० पासून अख्खा देश घरात बसला होता. पहिला आठवडा भीतीत गेला, दुसरा भांडी घासण्यात. तिसऱ्या आठवड्यात ऐकू यायला लागलं. वेताळ टेकडीवरचे मोर पहाटे ओरडायचे ते थेट आमच्या न्हाणीघरात ऐकू यायचे. मागच्या उंबरावर राखी धनेशाची जोडी यायची, म्हाताऱ्या माणसानं खाकरावं तसा आवाज काढत. वॉचमनच्या खोलीच्या पत्र्याखाली पिंगळ्यांचं बिऱ्हाड निघालं. धनेश त्या उंबरावर आधीही येत असणार. पण आधी आमच्याकडं दुपार कुठं होती?

मोबाइलमध्ये तर अख्खं अभयारण्य भरलं होतं. नोएडात मॉलसमोरून चाललेली नीलगाय, चंदीगडच्या रस्त्यावरचं सांबर, वेल्समधल्या लँडुडनो गावात लोकांची कुंपणं खात हिंडणाऱ्या बकऱ्या. या बकऱ्यांचे पूर्वज म्हणे काश्मिरी वाणाचे, म्हणजे नात्यातल्याच. नवी मुंबईच्या खाडीत रोहित पक्ष्यांचा गुलाबी गालिचा. कोळिकोडजवळ झेब्रा क्रॉसिंगवरून रस्ता ओलांडणारं 'अतिदुर्मीळ' मलबारी कांडेचोर. व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन.

यातलं सगळं खरं नव्हतं. व्हेनिसचे म्हणून फिरलेले डॉल्फिन सार्डिनियाच्या बंदरातले निघाले. ते कांडेचोर दुर्मीळ बिर्मीळ नव्हतं, साधं जवादी मांजर होतं. कोकणात त्याला कुणी वळूनही बघणार नाही. ठाण्याच्या खाडीत रोहित दर हिवाळ्यात येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात. त्या वर्षी त्यांच्याकडं बघायला माणसांना जास्त सवड होती. पण खोटं कळल्यावरही मी ते व्हिडिओ पुढं पाठवले. 'निसर्गानं श्वास घेतला' असं वर लिहून पाठवले. हे कबूल केलेलं बरं, कारण पुढं जे झालं त्यात मीही होतो.

काही जनावरं तर आनंदानं आलीच नव्हती. जपानच्या नारा शहरातली हरणं पर्यटकांच्या हातच्या बिस्किटांना सोकावली होती. पर्यटक बंद झाले तशी ती बागेतून उठून गल्ल्यांत शिरली. थायलंडच्या लोपबुरीत माकडांच्या टोळ्या भर रस्त्यात एकमेकांवर तुटून पडल्या, तेही उपासमारीनं. आम्ही त्या व्हिडिओखाली हसरे चेहरे टाकत होतो. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीसमोरची कुत्री तेव्हा बंद शटरकडं तोंड करून बसलेली असायची. त्यांचा व्हिडिओ कुणी काढला नाही.

तीनेक वर्षांनी शास्त्रज्ञांनी या काळाचा हिशेब मांडला. त्रेचाळीस जातींच्या सुमारे २,३०० सस्तन प्राण्यांच्या अंगावर आधीपासूनच माग काढणारी यंत्रं होती, त्यांच्या नोंदी तपासल्या. जिथं टाळेबंदी कडक होती तिथं या प्राण्यांची लांब पल्ल्याची भटकंती ७३ टक्क्यांनी वाढली होती आणि ते रस्त्यांच्या ३६ टक्के जवळ आले होते. मला यातला दुसरा आकडा जास्त आवडला. जवळ आले होते. राज्य करायला, सूड घ्यायला किंवा आपल्याला धडा शिकवायला आले नव्हते. गाड्या दिसत नाहीत म्हटल्यावर थोडं कडेला सरकले होते, एवढंच.

आईला या सगळ्या कौतुकाचं नवल वाटायचं. ती राधानगरीकडची. तिच्या माहेरच्या डोंगरापलीकडं दाजीपूरचं जंगल, पूर्वी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव रान. १९५८ मध्ये ते गव्यांसाठी अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. इंग्रजांनी गव्याला 'बायसन' म्हणून ठेवलं आणि आपणही तेच गिरवत राहिलो. खरा बायसन वेगळा, अमेरिकेच्या माळावरचा, केसाळ. आपला गवा म्हणजे गाईगुरांच्याच कुळातला, पण काळाकभिन्न, पाठीवर डोंगरासारखा उंचवटा, मोठा नर हजार किलोच्या घरात जाणारा आणि गुडघ्याखाली शाळेत निघाल्यासारखे पांढरे मोजे.

एकदा तो नीलगाईचा व्हिडिओ बघताना मी तिला विचारलं, "आई, तुमच्याकडं गवा आला की काय करायचात गं?"

"काय करायचं म्हंजे? शिवारात शिरला तर डबा वाजवायचा. भात खातोय न्हवं. गावात शिरला तर दार वढून घ्यायचं आन् गप बसायचं."

"का? गावात डबा का नाही?"

"अरं, शिवारात त्याला पळायला जागा असती. बोळात कुठं पळंल त्यो?"

मी हे ऐकलं आणि पुढचा व्हिडिओ लावला.

डिसेंबरापर्यंत दुकानं उघडली होती, रस्ते भरले होते. मुंगूस दिसेनासं झालं. ते गाडीखाली आलं की परत टेकडीकडं सरकलं, कुणास ठाऊक. ९ डिसेंबर, बुधवार. सकाळी चहा घेत असताना सोसायटीच्या ग्रुपवर संदेश आला: महात्मा सोसायटीत गवा शिरलाय. कोथरूडमध्ये! बहुधा मुळशीकडच्या डोंगरांतून टेकड्या धरत आला असावा. फोटोही आले. एका बंगल्याच्या फाटकाबाहेर तो उभा, आणि त्याच्या मानानं फाटक खेळण्यातलं वाटत होतं.

मी चपला घातल्या.

"कुठं निघालास?" आई.

"गवा आलाय. बघून येतो."

"आन् मग त्यानं काय करायचं?"

याचं उत्तर मला तेव्हाही आलं नाही. मी जिना उतरलो.

तिथं जत्रा होती. मास्क हनुवटीला लावलेली माणसं खांद्याला खांदा भिडवून उभी. आठ महिने शेजाऱ्याचं कुरिअर सॅनिटायझर मारल्याशिवाय हातात न घेणारी हीच माणसं. पोरं भिंतींवर चढलेली, गच्च्या भरलेल्या, कुणी दुचाकीवरून त्याच्या मागं. "आला, आला," "इकडं वळला," "दादा, फोन खाली घ्या, दिसत नाहीये." मला तो दोनदा दिसला. पहिल्यांदा माणसांच्या डोक्यांवरून सरकत गेलेली काळी पाठ. दुसऱ्यांदा गर्दी फुटली तेव्हा समोरून: तोंडाला फेस, आणि ते पांढरे मोजे डांबरावर घसरत होते. पुढं माणसं, मागं माणसं, दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती. त्यानं कुणालाही शिंग लावलं नाही. तो फक्त रस्ता शोधत होता आणि जिकडं वळेल तिकडून आम्ही आनंदानं ओरडत होतो. हा आनंद खोटा नव्हता. एप्रिलमध्ये खिडकीत बसून जो व्हायचा तोच होता. तेव्हा मध्ये गज होते म्हणून तो कुणाला लागला नाही.

सगळी सकाळ हे चाललं. वनखात्याच्या लोकांना आधी माणसं आवरायची होती, मग गवा. शेवटी भुलीची इंजेक्शनं मारली, जाळी टाकली, दोर बांधून गाडीत चढवला. आणि तो मेला. एवढ्या वजनाचं, सावलीतून संथ चालायला घडलेलं जनावर तासन् तास पळवलं की आतून तापतं, स्नायूच निकामी व्हायला लागतात. त्यात भीती, त्यात भूल. कुणी बंदूक चालवली नव्हती, कुणाच्या मनातही नव्हतं. ज्यांनी त्याला पळवलं त्यांच्यातल्या बहुतेकांना तो फार आवडला होता.

संध्याकाळी ग्रुपवर हात जोडलेली चित्रं यायला लागली. 'माफ कर रे.' 'आम्हीच जनावर.' एप्रिलमध्ये 'निसर्गानं श्वास घेतला' लिहिणाऱ्याच हातांनी लिहिलेली. मीही काही तरी टाइप करायला घेतलं आणि फोन पालथा ठेवला. माझ्या फोनमध्ये अकरा सेकंदांचा व्हिडिओ होता. त्यात इतरांचे वर केलेले हात आहेत, एका माणसाचं टक्कल आहे, आणि कडेला काहीतरी काळं हलतं.

आई टीव्हीसमोर बसली होती. बातम्यांत तो दोरांमध्ये आडवा पडलेला पुन्हा पुन्हा दाखवत होते. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "समद्यांची दारं उघडी हुती जणू."

बरोबर तेरा दिवसांनी, २२ डिसेंबरला, पाषाण-बावधनच्या बाजूला आणखी एक गवा दिसला. या वेळी पोलिसांनी लोकांना लांब थोपवून धरलं. वनखात्यानं त्याला भुलीची सुई मारली नाही, जंगलाकडची बाजू तेवढी मोकळी ठेवली आणि वाट बघितली. तो आला तसा परत गेला. कसा होता, केवढा होता, हे मला सांगता येणार नाही. मी बघायला गेलो नाही.