नाव लिहिलं, पण दाराचं काय?

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत वॉचमनकाका भारी कडक. येणाऱ्या प्रत्येकाकडून रजिस्टरमध्ये नाव आणि फ्लॅट नंबर लिहून घेणार, मगच गेट उघडणार. त्यानंतर तो माणूस ३०१ मध्ये जातो की ४०२ मध्ये, हे कोणी बघत नाही. प्रत्येकाच्या दाराला कुलूप असतं, म्हणून चालून जातं.

मी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र दारंच नव्हती!

झालं असं, की ऑफिसात ‘सिक्युअर कोडिंग’चा प्रचार करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पोस्टर्स लावली, मेल पाठवले, शुक्रवारी दुपारी सेशन ठेवलं. चाळीस स्लाइड्स! पुढच्या रांगेत मोबाइल, मागच्या रांगेत डुलक्या. एक जण तर म्हणाला, ‘‘अगं, सोमवारी रिलीज आहे. सिक्युरिटी नंतर बघू की!’’

वैतागून घरी आले. बाबांना सगळं सांगितलं, तर म्हणाले, ‘‘कॉसमॉस बँकेचं विसरलीस?’’

कशी विसरेन? ऑगस्ट २०१८. आपल्याच पुण्यातली बँक आणि सुमारे ९४ कोटींचा दरोडा. चोरांनी मालवेअर घुसवून खोटा स्विच उभा केला. एटीएमकडून आलेल्या विनंत्या बँकेच्या मुख्य सिस्टिमपर्यंत पोहोचल्याच नाहीत. खोटा स्विचच ‘द्या पैसे’ म्हणत राहिला आणि २८ देशांतल्या एटीएममधून नोटा निघत राहिल्या. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा सुनावली. आमच्या चुकांची जात वेगळी, पण मुद्दा तोच. समोरून आलेल्या ‘हो’वर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नसतो.

रात्री झोप येईना. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलेलं पगारपत्रकाचं अॅप टेस्ट सर्व्हरवर उघडलं. लॉगिन केलं, पत्त्यातला शेवटचा आकडा बदलला, एंटर दाबलं... आणि दुसऱ्याच कर्मचाऱ्याची पगाराची स्लिप समोर! पोटात गोळा आला. लॉगिन करणारा कोण, हे मी तपासलं होतं. ही स्लिप त्याची आहे का, हे विचारलंच नव्हतं. ‘ओवॅस्प’च्या २०२१ च्या यादीत पहिल्या नंबरवर हीच चूक आहे. त्याच यादीची स्लाइड मी दुपारी ऐटीत दाखवली होती!

गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. कोणाला कळलंही नसतं. पण रात्रीच मॅनेजरना फोन केला. शनिवार-रविवार बसून दुरुस्ती केली, लॉग तपासले.

पुढच्या शुक्रवारी एकही स्लाइड नाही. टेस्ट सर्व्हरवर जुना कोड उघडला आणि आकडा बदलून दाखवला. सगळे ताठ बसले.

‘‘कोणी लिहिलंय हे?’’ मागून आवाज आला.

‘‘मी.’’

दोन सेकंद शांतता. मग तोच ‘नंतर बघू’वाला म्हणाला, ‘‘थांब, मी माझं बघतो.’’ त्या दिवशी त्याला कोडमध्येच लिहून ठेवलेला डेटाबेसचा पासवर्ड सापडला. दुसरीला एसक्यूएलची क्वेरी सापडली, युजरने टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा चिकटवलेली.

आता आमच्या कोड रिव्ह्यूत एक प्रश्न ठरलेला असतो, ‘‘कोण आलंय ते कळलं. पण हे त्याचं आहे का?’’

पोस्टर्स मी काढून टाकली. वॉचमनकाकांना मात्र हल्ली न चुकता ‘नमस्कार’ करते!