झोपेची गोळी म्हणजे नेमकी कोणती?

जुन्या जालन्यातल्या आमच्या मोहल्ल्यात गोळीला दुखण्याचंच नाव असतं. शुगरची गोळी, बीपीची गोळी, तशी झोपेची गोळी. आमच्या खालांच्या डब्यात अशा तीन वेगवेगळ्या पट्ट्या निघाल्या. एक डॉक्टरांनी लिहिलेली, एक शेजारणीने दिलेली, एक कधीची तरी उरलेली. त्यांच्या लेखी तिन्ही सारख्याच. ‘‘नींद से मतलब, बेटा.’’

पण या गोळ्या सारख्या नाहीत. झोल्पिडेम लवकर झोप आणते आणि रक्तातलं तिचं प्रमाण अडीच-तीन तासांत निम्मं होतं. अल्प्राझोलामला त्यासाठी साधारण ११ तास लागतात, म्हाताऱ्या माणसांत त्याहून जास्त. डायझेपाम तर कित्येक दिवस अंगात रेंगाळते. रोज घेतली की साचत जाते.

आपल्या घरांत दिवस पहाटे सुरू होतो, म्हणून हा हिशेब महत्त्वाचा. झोल्पिडेम घेतल्यावर सात-आठ तास झोपायला मिळाले पाहिजेत. रमजानमध्ये तरावीहनंतर अकराला गोळी घेऊन चारला सहरीला उठलं, तर पाचच तास होतात. खाला फजरच्या वजूसाठी उठल्या आणि मोरीच्या उंबऱ्याला अडखळल्या. मनगटावर निभावलं. या वयात खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो. पडल्या त्या गोळीमुळेच, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण अशा गोळ्यांनी वृद्धांचा तोल जातो, हे डॉक्टरही सांगतात. अमेरिकेत २०१३ मध्ये बायकांसाठी झोल्पिडेमची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली गेली, कारण सकाळीही औषध रक्तात उरत होतं.

पूर्वीच्या बार्बिट्युरेट गोळ्या जास्त झाल्या तर श्वासच थांबायचा. आताच्या त्या मानाने सुरक्षित. मात्र सोबत दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध घेतलं, तर यांनीही श्वास मंदावतो. मालेगावात पोरं ‘कुत्ता गोळी’ म्हणून खातात ती अल्प्राझोलामच. पोरांनी खाल्ली की आपण नशा म्हणतो, खालांनी घेतली की औषध. सवय दोघांनाही लागते.

आणि सवय लागल्यावर एकदम बंद करणंही धोक्याचं. झोप उडते, हात थरथरतात, कधी झटके येतात. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. खालांचं सध्या तेच चाललंय.

२०१४ पासून या गोळ्या देताना दुकानदाराने चिठ्ठी पाहून वहीत नोंद करायची असते. पट्टीवर लाल चौकटीत इशाराही असतो. शेजारणीच्या डब्यातून आलेल्या गोळीची नोंद मात्र कुठेच होत नाही. म्हणून घरातल्या थोरांचा डबा एकदा उघडा, प्रत्येक गोळीचं नाव वाचा आणि पट्ट्या घेऊन त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा.