मैफलीची नोंद

गाण्याच्या प्रत्येक फाइलीत आवाजाबरोबर काही रकानेही असतात: शीर्षक, गायक, अल्बम, वर्ष, प्रकार. त्यांना टॅग म्हणतात. एमपीथ्री फाइलींसाठी हे रकाने १९९६मध्ये पहिल्यांदा आखले गेले, तेव्हा फाइलीच्या शेवटी १२८ बाइट्सची जागा त्यांच्या वाट्याला आली. शीर्षकाला ३० अक्षरं, गायकाला ३०, अल्बमला ३०, आणि प्रकारासाठी ८० नावांची ठरलेली यादी, ब्लूजपासून हार्ड रॉकपर्यंत. त्या यादीत ख्याल नव्हता, ठुमरी नव्हती, नाट्यपद नव्हतं. आपलं सगळं गाणं ‘एथ्निक’ या एका शब्दात कोंबावं लागे. पुढे जागा वाढली, देवनागरीही लिहिता येऊ लागली, पण रकान्यांमागची समजूत तीच राहिली. गाणं म्हणजे दुकानात मिळणाऱ्या तबकडीवरची, तीन-चार मिनिटांची, स्वतःचं नाव असलेली वस्तू.

मी ज्या फाइली लावतो त्या अशा नसतात. रसिकांनी उभं आयुष्य घालवून जमवलेल्या या मैफली आहेत. पुणे-मुंबईच्या, गोव्याच्या, धारवाड-बेळगावच्या. सभागृहातल्या आणि कुणाच्या दिवाणखान्यातल्याही. स्पूलवरून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर, तिथून हार्ड डिस्कवर आलेल्या. घरातलं ऐकणारं माणूस गेलं की मुलं ती डिस्क आणून देतात, ‘यात बाबांचं सगळं गाणं आहे’ म्हणून. उघडावी तर ‘ट्रॅक ०१’ नावाच्या असंख्य फाइली, ‘न्यू फोल्डर’मध्ये आणखी एक ‘न्यू फोल्डर’, आणि मधूनच ‘किशोरीताई – गोवा – नक्की ऐकणे’. हा शेरा मी कधीही पुसत नाही. टिपणाच्या रकान्यात तो जसाच्या तसा ठेवतो. ज्यानं ती मैफल सांभाळली त्याचं तिच्याबद्दलचं मत हाही तिच्या नोंदीचाच भाग आहे.

सगळ्यात आधी ठरवावं लागतं की एक नग कशाला म्हणायचं. बागेश्री पाऊण तास चालली आहे. त्यात विलंबित एकतालातला बडा ख्याल, मग द्रुत तीनतालातली बंदिश, कधी शेवटी तराणा. कॅसेटची नव्वद मिनिटांची टेप एका बाजूला पंचेचाळीस मिनिटांत संपते, म्हणून आलाप ऐन रंगात आला असताना तुटतो आणि दुसऱ्या बाजूला उरलेला सुरू होतो. संगणकाला या दोन फाइली म्हणजे दोन गाणी वाटतात. माझ्या लेखी रागाची एक मांडणी हा एक नग. तुटलेले तुकडे जोडायचे, तुटल्याची जागा टिपणात मिनिट-सेकंदासह लिहायची आणि दोन्ही मूळ फाइली जशाच्या तशा वेगळ्या राखायच्या. शीर्षकात आधी राग, मग बंदिशींचे मुखडे. अल्बमच्या रकान्यात मैफल: तारीख, गाव, जागा. हे एकदा ठरलं की बाकीचं पुष्कळसं आपोआप मार्गी लागतं.

नेटवरच्या तयार माहितीचा इथे फारसा उपयोग होत नाही. सीडी ओळखणाऱ्या जुन्या सेवा ट्रॅकच्या लांबीवरून तबकडी ओळखायच्या. आताचं म्युझिकब्रेन्झ पिकार्ड फाइलीच्या आवाजाचा ठसा घेऊन ओळख पटवतं. प्रकाशित ध्वनिमुद्रिकांसाठी ते उत्तम आहे आणि मी ते वापरतो. पण ठसा जुळायचा तर तो आधी कुणीतरी नोंदवलेला हवा. दादरच्या एखाद्या घरात पन्नास माणसांपुढे झालेली बैठक कुठल्या कोठारात सापडणार?

मग माझी भिस्त फ्लॅक फाइलींवर. त्यात रकाने आपले आपण निर्माण करता येतात आणि एका रकान्यात अनेक नोंदी बसतात. रकान्याचं नाव तेवढं रोमन अक्षरांत लागतं, आतला मजकूर खुशाल देवनागरीत लिहावा. शिवाय आवाजाची स्वतंत्र पडताळणी-खूण फाइलीतच असल्यामुळे रकाने कितीही बदलले तरी गाण्याला धक्का लागलेला नाही हे तपासता येतं. मी राग, ताल, बंदिश, संगत, स्थळ आणि आधार असे सहा रकाने वाढवतो. थाट लिहीत नाही. राग ठाऊक असला की भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी त्याचा कोणता, हे पुस्तकात पाहता येतं. आणि जयपूर-अत्रौलीच्या गवयांच्या जोडरागांना एका थाटात बसवायला गेलं की नुसतीच ओढाताण होते.

नावांचा घोळ मात्र पुस्तकानं सुटत नाही. परदेशी पद्धतीची प्रणाली शेवटचा शब्द आडनाव धरून क्रम लावते. मग बालगंधर्व सोडून बाकीचे तिन्ही गंधर्व एका ओळीत येतात: सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, छोटा गंधर्व म्हणजे सौदागर गोरे, कुमार गंधर्व म्हणजे शिवपुत्र कोमकली. त्यातून वेष्टनावर ‘सवाई ८१’ लिहिलेलं असलं की ते गायकाचं नाव नसून पुण्यात १९५३पासून भरणाऱ्या महोत्सवाचं आहे, हे माणसालाच कळणार. नुसतं ‘वसंतराव’ असेल तर गाणारे देशपांडे की कुमारांच्या साथीला तबल्यावर बसणारे आचरेकर, हे फाइल ऐकून ठरवावं लागतं. फैयाझ खाँ, फैय्याज खां, फ़ैयाज़ ख़ान असं तीन प्रकारे लिहिलं की संगणकाच्या लेखी तीन उस्ताद होतात. नुक्ता दिलेलं अक्षर दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतं, ‘ॲ’ही तसाच. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात आणि शोधताना एक सापडतो, दुसरा नाही. म्हणून नावांची एक यादी आधी पक्की करायची आणि तिच्यातूनच उचलून चिकटवायचं, हातानं टंकायचं नाही. मालकंस–मालकौंस, जौनपुरी–जीवनपुरी अशा जोड्यांत एक रूप मुख्य धरून दुसरं पर्याय म्हणून शेजारी लिहितो. घरच्यांना कुठल्याही रूपानं शोधलं तरी राग सापडला पाहिजे.

आणि मग ऐकणं. माझ्या कामाचा बहुतेक वेळ इथे जातो आणि तो इथेच जायला हवा.

पहिली गोष्ट पट्टीची. यंत्र जरा जलद चाललं की सूर चढतो. सहा टक्क्यांच्या फरकानं काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं आणि गायकाचा आवाज अनोळखी, पातळ होतो. मूळ मुद्रणात विजेची गुणगुण उतरली असेल तर तिचा आधार मिळतो. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची असते, आलेखात ५३ला दिसली तर टेप वेगात आहे. पण त्या काळी विजेची वारंवारताही खाली-वर व्हायची आणि टेप संगणकावर घेतानाची गुणगुण वेगळीच मिसळलेली असते. म्हणून पेटीकडेही कान देतो. पेटीचे सूर ठरलेले. गायकाचा षड्ज दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी पडत असेल आणि पेटी त्याच्याबरोबर असेल, तर दोष टेपचा.

दुसरी गोष्ट रागाची. एका कॅसेटच्या वेष्टनावर बॉलपेननं स्पष्ट ‘भूप’ लिहिलं होतं. स्वर भूपाचेच: सा, रे, ग, प, ध. पण गायक पुन्हा पुन्हा धैवतावर जाऊन थांबत होता, मध्यसप्तकाच्या वरच्या अर्ध्यात रमत होता, गंधाराला नुसता स्पर्श करून पुढे जात होता. आणि पहिल्या दहा मिनिटांत, तंबोऱ्यांच्या मागे, चिमण्यांचा चिवचिवाट. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. हा देशकार होता, सकाळचा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचंही असंच आहे, स्वर तेच आणि चालणं वेगळं. स्वर मोजणाऱ्या यंत्रावर इथे विसंबता येत नाही. मी रागाच्या रकान्यात देशकार लिहिलं आणि टिपणात ‘वेष्टनावर भूप’ हेही. पुढे कुणाला वेगळं ऐकू आलं तर दोन्ही म्हणणी त्याच्यासमोर असावीत.

चिमण्या होत्या म्हणून सांगतो: फाइली ‘साफ’ करताना लोक सुरुवातीची जुळवाजुळव, निवेदन, टाळ्या कापून टाकतात. हे मला सहन होत नाही. निवेदकाचं एक वाक्य कधी कधी अर्धे रकाने भरून देतं. आकाशवाणीवरून घेतलेल्या मुद्रणात तर उद्घोषणेतच कलाकार, राग आणि साथीदार येतात. १९०२मध्ये फ्रेड गैसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला दाबल्या जात. तिथल्या लोकांना गायिका कोण ते कळावं म्हणून गाणं संपवताना ती स्वतःचं नाव इंग्रजीत सांगते. आपल्या ध्वनिमुद्रणातली ती पहिल्या टॅगांपैकी एक, आणि ती आवाजातच आहे. कुणी तेवढा शेवट कापला असता तर?

तारखांच्या बाबतीत मी फार कडक आहे. एका डिस्कवर कुमारांच्या मैफलीपुढे १९९४ लिहिलेलं होतं. कुमार गेले १२ जानेवारी १९९२ला. ते वर्ष कॅसेटची प्रत केल्याचं असणार. हल्ली व्हॉट्सॲपवरून मैफली फिरतात, त्यांच्या नावात मधोमध एक तारीख असते. ती पुढे पाठवल्याची तारीख, तिचा गाण्याशी संबंध नाही. मूळ नाव तर त्या प्रवासात गळूनच पडतं. जिथे वर्ष कळत नाही तिथे मी रकाना रिकामा ठेवतो, ‘अंदाजे’ म्हणूनही भरत नाही. लिहिलेला अंदाज पुढच्या प्रतीत हमखास खरा होऊन बसतो. फार तर टिपणात मर्यादा लिहितो: अमुक साथीदार अमुक साली गेले, म्हणजे मैफल त्याआधीची.

यासाठीच संगतीचा रकाना मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि तोच सगळ्यांत जास्त वेळा मोकळा सापडतो. वेष्टनावर गायकाचं नाव असतं. तबलजी, पेटीवाले, मागे तंबोऱ्यावर बसून सूर देणारे शिष्य, कुणाचं नाही. गोविंदराव पटवर्धनांच्या नावानं शोध घेऊन पाहावा. ख्याल, नाट्यपदं, वेगवेगळे गायक, सगळीकडे तीच पेटी भेटते, आणि एका माणसाचं केवढं मोठं काम संग्रहात विखुरलेलं होतं ते कळतं. गायकांच्या नावांखाली ते कधीच दिसलं नसतं.

आणि शेवटचा तो ‘आधार’. प्रत्येक नोंद कशावरून केली ते त्यात येतं: वेष्टन, निवेदन, ऐकून, किंवा कुणी सांगितलं. गेल्या पावसाळ्यात अशीच एक बेनामी फाइल घेऊन एका बुजुर्ग तबलावादकांकडे गेलो होतो. गायक ओळखीचे होते, साथ कुणाची ते कळत नव्हतं. त्यांनी विलंबिताचं दुसरं आवर्तन संपायच्या आत हात वर केला, बायाँवरची घसीट पुन्हा लावायला सांगितली, मग नाव सांगितलं. ‘पण लग्गी ऐकल्याशिवाय लिहू नका’ असंही बजावलं. शेवटची ठुमरी लावली, लग्गी आली, त्यांनी मान डोलावली. संगतीत नाव लिहिलं, आधारात त्यांचं नाव आणि तारीख. त्याच डिस्कवर आणखी काही फाइली आहेत ज्यांत तोच हात असावा असं मला वाटतं. पुढच्या खेपेला त्याही घेऊन जाणार आहे. तोवर तिथे संगतीच्या रकान्यात काहीही लिहिलेलं नाही.