ब्रेक दाबला की स्टिअरिंग जड

“मिस्त्री, ब्रेक दाबला की स्टिअरिंग जड होतंय.” कुंभार्ली घाट उतरून चिपळुणात आलेला गाडीवाला असं म्हणाला, की मी पाना खाली ठेवतो आणि आधी त्याच्याशी बोलतो. बॉनेट उघडायची घाई करत नाही. या तक्रारीचं अर्धं उत्तर गाडीवाल्यालाच माहीत असतं. आपल्याला ते माहीत आहे, एवढंच त्याला ठाऊक नसतं.

एका ब्रेकने गाडीत एकाच क्षणी किती गोष्टी बदलतात ते बघा. पाय रेसवरून उठतो, इंजिन मंदावतं आणि त्याच्या पट्ट्यावर फिरणारा स्टिअरिंगचा पंपही मंदावतो. गाडीचं वजन पुढे येतं आणि पुढची चाकं रस्त्यावर जास्त दाबली जातात. टाकीतलं ऑइल पुढच्या बाजूला धावतं. ब्रेकचा बूस्टर व्हॅक्यूम खेचतो. इंजिनसुद्धा आपल्या रबरी माउंटिंगवर थोडं पुढे झुकतं. यातल्या कोणत्या बदलाने स्टिअरिंग जड होतं हे ठरवायचं, तर बाकीचे एकेक करून बाजूला सारावे लागतात. माझ्या मते आमच्या धंद्यातली खरी विद्या ती हीच. पार्ट बदलायला कोणीही शिकतो.

फोर-बाय-फोर गाडी असेल तर माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: “तेव्हा लिव्हर कुठे होती, टू-व्हीलमध्ये की फोर-व्हीलमध्ये?” आपल्याकडच्या बहुतेक जीपवजा गाड्यांत पुढच्या आणि मागच्या धुऱ्याच्या मध्ये डिफरन्शियल नसतो. फोर-व्हील टाकलं की दोन्ही धुरे एकमेकांना बांधले जातात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक घसरून हा फरक भरून काढतं, डांबरावर ते घसरत नाही, आणि सगळा पीळ शाफ्टमध्ये साठतो. पावसाळ्यात हेळवाकला लिव्हर ओढायची आणि पोफळी, शिरगाव करत थेट बाजारापर्यंत तशीच ठेवायची, ही सवय कोकणात बऱ्याच जणांना आहे. अशा गाडीचं स्टिअरिंग वळणावर जड होणारच, आणि वळणाआधी ब्रेक दाबलेला असतो म्हणून खापर ब्रेकवर फुटतं. टू-व्हीलमध्ये आणून गाडी थोडी मागे-पुढे केली की पीळ सुटतो. तक्रार तिथेच संपली तर मी पैसे घेत नाही.

ती नाहीच संपली, तर गाडी सपाट जागेवर उभी करायची, इंजिन स्लोवर ठेवायचं आणि स्टिअरिंग फिरवता फिरवता ब्रेक दाबायचा. उभ्या गाडीत वजन पुढे येत नाही, ऑइल धावत नाही. तरीही स्टिअरिंग जड झालं तर कारण इंजिनाच्या फेऱ्यांत किंवा व्हॅक्यूममध्ये शोधायचं. बऱ्याच डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या पाठीला असतो, म्हणजे तोही पट्ट्यावरच जगतो. जिथे एकाच पट्ट्यावर हे सगळं फिरतं, तिथे पट्टा सैल पडला किंवा काचेसारखा गुळगुळीत झाला की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही सोबत कुरकुरतात. पेट्रोल गाडीत बूस्टरचा पडदा फाटला असेल तर पाय दाबताच हवा इंजिनात शिरते, इंजिन बंद पडायला येतं आणि स्टिअरिंगही त्याच्यासोबत जातं.

अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या पिकअप गाड्यांत ब्रेकचा बूस्टरही स्टिअरिंगच्याच पंपाच्या ऑइलवर चालतो. तिथे ही तक्रार आली की पंपाकडे आणि बूस्टरकडे बोट दाखवणं बरोबर आहे. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचा बूस्टर व्हॅक्यूमवरचा. परदेशी गाडीचं निदान इथल्या गाडीला लावून धडधाकट पंप काढून टाकलेले मी पाहिले आहेत.

असाच एक पाटण भागातला दादा आपली फोर-बाय-फोर घेऊन आला. दुसरीकडे नवा पंप बसवून झाला होता, तक्रार होती तशीच. सपाटीवर उभ्या गाडीत स्टिअरिंग लोण्यासारखं फिरत होतं, पट्टा ताठ होता, ऑइल खुणेपर्यंत होतं, खाली एक थेंब नव्हता. मोकळ्या मैदानात नेऊन हळू वेगात ब्रेक दाबला, की पंपातून घुरघुर यायची आणि स्टिअरिंग क्षणभर हाताला अडायचं. लगेच गाडी थांबवून टाकीचं झाकण उघडलं, तर ऑइलवर फेस.

फेस पाहून दोन शंका येतात, हवा किंवा पाणी. चिपळूणकरांना पाण्याची शंका आधी येते. २०२१ च्या जुलैमधल्या पुरानंतर इथल्या गॅरेजांत दुधाळ ऑइलच्या गाड्यांची रांग लागली होती. फरक ओळखायला यंत्र लागत नाही. थोडं ऑइल काचेच्या ग्लासात काढून रात्रभर ठेवायचं. हवा असेल तर सकाळी ऑइल स्वच्छ दिसतं, पाणी असेल तर गढूळपणा राहतो. या दादाचं ऑइल सकाळी नितळ होतं.

हवा आत येते, पण ऑइल बाहेर येत नाही, तेव्हा टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपकडे बघावं. पंपाच्या पुढच्या पाइपात ऐंशी-शंभर बारपर्यंत दाब चढू शकतो, तिथे बारीक फट असली तरी ऑइल फवारतं. मागचा पाइप ओढीचा. चालू इंजिनात त्याला फट असली तर तो गळण्याऐवजी हवा पितो, म्हणून तो नजरेतून सुटतो. बुडबुडे दिसावेत म्हणून मी त्या पाइपाच्या जागी ऑइलला टिकणारा जाड पारदर्शक पाइप तात्पुरता लावला. पुन्हा मैदानात ब्रेक मारले. एकही बुडबुडा दिसला नाही आणि स्टिअरिंग कुठेच अडलं नाही.

म्हणजे दोष काढून ठेवलेल्या पाइपात होता. तो दाबून पाहिला तर बाकाजवळ पिलपिलीत झाला होता, कोणी तरी साधा पाण्याचा रबरी पाइप तिथे बसवला होता. रबर ऑइलने फुगतं, मऊ पडतं, क्लिपखाली त्याची पकडही जाते. तरी माझं समाधान होईना. मऊ पाइप सतत त्रास देईल, तो फक्त ब्रेकलाच का अडावा? जुना पाइप पुन्हा लावला, मोबाइल बॉनेटखाली घट्ट बांधला, व्हिडिओ चालू केला आणि गाडी फिरवून आणली.

व्हिडिओत सगळं होतं. ब्रेक लागताच इंजिन चांगलंच पुढे झुकत होतं, कारण एका माउंटिंगचं रबर तुटलं होतं. पंप इंजिनावर आणि टाकी बॉडीवर, त्यामुळे पाइप ओढला जाऊन बाकाशी चपटा व्हायचा आणि क्लिपपाशी उचलायचा. ऑइलची वाट अडायची आणि हवेला वाट मिळायची. नुसता पाइप बदलून गाडी दिली असती तरी चालली असती, पण इंजिनाच्या हेलकाव्याने नवा पाइपही एक दिवस फाटला असता, आणि तो घाटात फाटला असता.

दोन्ही माउंटिंग बदलली, पाइप योग्य जातीचा घातला, जुनं ऑइल टाकलं. मग पुढची चाकं ज्याकवर उचलून, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं, टाकीत ऑइल घालत राहिलो, आणि बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू केलं. हे उरकून टाकायचं काम नाही. हवा राहिली तर नव्या पंपाचीही पाती घासतात. स्टिअरिंग टोकाला दाबून धरायचं नाही हेही मी शिकाऊ मुलाला रोज सांगतो, कारण तिथे ऑइल कोंडून तापतं.

गाडी देताना मी दादाला घाटाबद्दल दोन गोष्टी बजावून सांगितल्या. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करायचं नाही, न्यूट्रलही करायचं नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे चढे राहतात, तेच ब्रेकचं ओझं हलकं करतात आणि तेच पंप फिरवतात. आणि पंपाची मदत गेलीच तर घाबरून हात सोडायचे नाहीत. चाकं स्टिअरिंगला लोखंडानेच जोडलेली आहेत, ती वळतात, फक्त दोन्ही हातांचं बळ लागतं. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या जीप याच घाटातून वर्षानुवर्षं उतरल्या आहेत.

त्याने सीटखालून जुना पंप काढून दाखवला. आधीच्या गॅरेजने तो खराब म्हणून हातात दिला होता. मी तो गाडीवर लावून गेज जोडला. दाब स्लोवरही पुरेसा चढला. फडक्यात गुंडाळून, दोन्ही तोंडांना बुचं मारून तो त्याला परत दिला आणि सांगितलं, हा स्पेअर म्हणून गाडीतच ठेवा, हा खराब नाही.